तीन कोटेशनं आणि एक पुठ्ठा

बाभुळगाव,
दिनांक २१ जानेवारी २०१८

तीर्थरूप श्रीकृष्णमामांस,

क्षितिजचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व येथे ठीक आहोत. आपला गुडघा आता जिना चढू देतो की अजून भांडार शाखेची माणसंच खाली येऊन आपली सही नेतात, ते कळवावं. रत्नप्रभामामींची दाढ काढली हे आईला मागच्या पत्रातून समजलं. कोणत्या बाजूची काढली ते आपण लिहिलं नाही, त्यामुळे आई दोन्ही बाजूंची काळजी करते आहे.

पत्रास कारण आपण पाठवलेली रक्कम. ती मिळाली. ड्रॉइंग टॅब्लेट (यापुढे मी त्याला फक्त 'पाटी' म्हणतो, म्हणजे ओळी कमी लागतील) घेण्याआधी तीन दुकानांची कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि जाणकार व्यक्तीचा अभिप्राय या तीन गोष्टी पाठवाव्यात, अशी आपली आज्ञा होती. यवतमाळच्या डिजिटल चित्रकलेच्या वर्गात माझं नाव लागलं आहे हे आपणास ठाऊकच आहे. बारावीत राहिल्यानंतर माझं नाव कुठल्याही यादीत लागण्याची ही पहिलीच वेळ. एक फेब्रुवारीला वर्ग सुरू होतो. ज्याच्याजवळ स्वतःची पाटी नाही त्याची जागा पुढच्याला जाईल, असं सरांनी सांगितलं आहे आणि पुढचा मुलगा रोज वर्गाच्या दारात येऊन उभा राहतो.

कोटेशनं आणि तक्ता सोबत जोडले आहेत. यवतमाळात पाट्या ठेवणारं दुकान मला एकच सापडलं, फुलचंदजींचं. तिन्ही कोटेशनं त्यांनीच दिली. एक स्वतःच्या दुकानाच्या कागदावर, दुसरं मेव्हण्याच्या आणि तिसरं मुलाच्या (मुलाचं दुकान अजून सुरू व्हायचं आहे, पण कागद छापून आले आहेत). सरकारी माणसाला तीनच लागतात, आम्हाला सवय आहे, असं ते म्हणाले. तिन्हींत 'चित्रकलेसाठी' या शब्दाची वेलांटी एकाच ठिकाणी चुकली आहे. आपल्या कार्यालयात असा कागद जाणं बरं नव्हे म्हणून मी ती लाल पेनाने दुरुस्त केली. त्यावर फुलचंदजी नाराज झाले आणि त्यांनी सांगितलेला चहा परत पाठवला.

आता प्रकार. एका पाटीत स्वतःचा पडदा असतो. जिथे पेन टेकवला तिथेच रेघ दिसते. ती आपल्या रकमेत बसत नाही, म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही. बाकीच्या दोन कोऱ्या, काळ्या असतात. हात पाटीवर चालतो आणि रेघ समोरच्या संगणकावर उमटते. त्यांतली एक मोठी, एक लहान. लहानीचं अंग शाळेच्या वहीच्या पानाच्या अर्ध्याहून थोडं कमी आहे. निर्णय घाईने होऊ नये म्हणून मी दोन्हींच्या मापाचे पुठ्ठे कापले आणि घरी पोळपाटावर ठेवून, हाताकडे न बघता, पेन्सिलीच्या उलट्या टोकाने आठ दिवस सराव केला. प्रगती समाधानकारक वाटते. संगणक नसल्यामुळे नेमकं काय काढलं गेलं ते समजू शकलेलं नाही.

जाणकार व्यक्ती म्हणून मी सरदारचाचांना नेलं. शाळा सुटल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली आहे, हे आपण जाणताच. फुलसावंगीपासून झरी जामणीपर्यंत भिंतींवर बियाण्यांच्या ज्या जाहिराती दिसतात त्यांतली निम्मी अक्षरं चाचांची आहेत. यंदा मात्र बोंडअळीने कापूस खाल्ला आणि कंपन्यांनी भिंती रंगवायचं थांबवलं. दुकानांचे फलक आधीच फ्लेक्सने नेले होते. चाचांनी रंगवलेली जुनी बोंडं भिंतींवर अजून पांढरीशुभ्र आहेत. परवा आमच्या गल्लीतला शेतकरी उकंडा पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, तुह्या भिंतीवरच्या बोंडाले अळी नाही लागली. पुढच्या साली थेच बियाणं दे आमाले." सगळे हसले. चाचाही हसले. पण त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. मला वाटत होतं हे फक्त मला माहीत आहे.

दुकानात फुलचंदजींनी लहान पाटीचा खोका उघडला, ती संगणकाला जोडली आणि पेन चाचांच्या हातात दिला. चाचांनी पाटी उलटसुलट पाहिली.

"कोरी कायले हाय हे? हात इकडं अन् नजर तिकडं. असं त चोर काम करते."

मग त्यांनी खिशातून निळीची पूड लावलेलं सूत काढलं. आमच्या धंद्यात अक्षर सरळ यावं म्हणून आधी भिंतीवर सूत ताणून सोडतात, त्याची निळी रेघ उमटते. चाचांनी एक टोक माझ्या हातात दिलं. दहा वर्षं कोणी सुताचं टोक दिलं की ते धरून मागे सरायचं, ही सवय अंगात मुरलेली आहे. मी विचार न करता सरलो. चाचांनी सूत फुलचंदजींच्या संगणकाच्या पडद्यावर मारलं.

"ओ चाचा, हे टीव्ही हाय का भिंत?" फुलचंदजी म्हणाले.

"लिहाचं हाय, त भिंतच समज. बिना सुताचं अक्षर कायच्या आधारानं उभं राहीन?"

नीळ पडद्यावर उमटली, कीबोर्डवर पडली आणि थोडी पाटीतही गेली. चाचांनी त्या रेघेवर 'बाभुळगाव' लिहायला घेतलं. प्रत्येक अक्षरानंतर ते पेन सदऱ्याला पुसत होते. 'बा' वेडावाकडा आला. हात जितका हलला तितकी रेघ हलली आणि दुकानात चार गिऱ्हाइकं बघत होती. फुलचंदजींनी वाकून पडद्यावरच्या एका खुणेवर टिचकी मारली. (यासाठी मी त्यांच्या वेलांट्या माफ केल्या आहेत.) रेघ सावरणारी एक सोय त्यात असते, हाताचा थरकाप ती गाळून टाकते. चाचांनी पुन्हा लिहिलं. पूर्वी चाचांनी रंगवलेल्या एसटी स्टँडच्या फलकावर होता तसा 'बाभुळगाव' उभा राहिला.

"हा हात कोणाचा हाय?" चाचांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमचाच.

"खोटं नको बोलू, पोट्ट्या," ते म्हणाले आणि आणखी सात वेळा तेच लिहिलं.

असा अभिप्राय आहे. तो लेखी मागितला, पण चाचांनी नंतर देतो म्हटलं. तक्त्यावरून मोठी घ्यावी की लहान, ते आपण ठरवावं. आपल्या मंजुरीशिवाय मी खरेदी करणार नाही. मामींना नमस्कार, चि. स्पृहाला परीक्षेसाठी शुभेच्छा.

आपला आज्ञाधारक भाचा,
क्षितिज

ता. क. : लहान पाटी घेतली आहे. नीळ आत गेल्यामुळे फुलचंदजी ती परत ठेवून घेईनात. पावती जोडली आहे. पावतीवरची तारीख कोटेशनांच्या आधीची आहे. हे आपल्या लक्षात येईलच, म्हणून आधीच कळवतो.

आणखी ता. क. : पाटी माझ्याजवळ नाही. घरी येताना चाचांनी ती मांडीवर धरली होती, उतरताना मला मागता आली नाही. त्यांचा पुतण्या अब्रार मोबाइल दुरुस्त करतो, त्याच्या दुकानातल्या जुन्या संगणकाला ती जोडलेली आहे. आपण चाचांना दोन ओळी लिहाव्यात की पाटी क्षितिजच्या वर्गासाठी आहे. ऑफिसच्या माणसाचं ते ऐकतात.

शेवटचं ता. क. (हेच खरं समजावं) : तसं पत्र लिहू नये. काल मी स्वतः गेलो होतो. चाचा एका लग्नपत्रिकेची अक्षरं काढत होते. पावसाळ्यानंतरचं त्यांचं पहिलं काम. मला पाहताच त्यांनी पेन सदऱ्याला पुसला, तार गुंडाळली आणि पाटी माझ्यापुढे धरली. "घेऊन जा. तुह्या शाळेची हाय." मी त्यांना आपला तुलनात्मक तक्ता दाखवला आणि सांगितलं की ही वर्गासाठी लहान पडते, मामांनी नामंजूर केली आहे. त्यांनी तक्ता दोन वेळा वाचला. मग म्हणाले, "मामाचं लेखी कुठं हाय?" तरी कृपया उलट टपाली एक कागद पाठवावा : 'सदर पाटी आकाराने अपुरी असल्याने नामंजूर.' खाली सही आणि जमल्यास शिक्का. सरांनी मला पंधरा फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आहे. पुठ्ठ्यावर सराव चालू आहे.