दोऱ्याची कात्री वेगळी

मी, एकाची बायको, एकीची आई, एकाची ताई आणि धंद्याने निवृत्त सर्जन, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीचं म्हणाल तर भूल उद्या सकाळी मिळणार आहे, म्हणून आजच लिहायला बसले. पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीने निघाले तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल. घाबरलेली नाही. पण घराबाहेर पडताना मागची आवराआवर करून जायची मला सवय आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक यजमानांची, त्यांच्यामागे लेकीची. यजमानांनी माझं कपाट आवरायला घेऊ नये. त्यांना घडी घालता येत नाही.

कलम २. अवजारांची पेटी लेकीला. ती आता स्वतः ऑपरेशनं करते. सुरीच्या मुठी माझ्या घ्याव्यात, पाती नवी घालावीत. रक्तवाहिनी पकडायचे आर्टरी चिमटे आणि टाके घालायचा सुईधारक अजून ठणठणीत आहेत. दातांचा चिमटा कातडीसाठी, बिनदातांचा आतड्यासाठी. हे तिला ठाऊक आहे, तरी आई म्हणून पुन्हा सांगते. रक्त दिसलं की आधी बोटाने दाबावं, मग चिमटा मागावा. ओरडू नये. ओरडायचं काम मी पुरेसं करून ठेवलं आहे.

कलम ३. जखमेच्या कडा ओढून धरणारे मोठे रिट्रॅक्टर मात्र यजमानांना. पाहुणे, फोन, सासरची बोलणी, सगळं त्यांनी जन्मभर बाजूला धरून ठेवलं, म्हणून मला माझं काम नीट दिसलं. बागेत वापरले तरी हरकत नाही.

कलम ४. पोटातून काढलेलं ठेवायचे स्टीलचे ट्रे नणंदबाईंना. माझ्या घरात धड भांडं नाही असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. ट्रे उकळून दिले जातील.

कलम ५. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला माझी आरामखुर्ची. मी नुसता हात पुढे करायचा आणि हवं ते अवजार तळहातावर पडायचं. इतकी वर्षं मी तिला बसू दिलं नाही. आता बसावं.

कलम ६. धाकट्या भावाला या कागदाने काहीही मिळणार नाही. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाईंनी बजावलं आहे, आणि साक्षीला मला तोच हवा आहे.

तोही सर्जन. आमचं एकच हॉस्पिटल होतं. पोटातले नाजूक पदर सोडवायची माझी वाकडी, बारीक टोकांची कात्री त्याने एकदा टाक्याचा दोरा कापायला घेतली. दोऱ्याने तिची धार जाते. दोऱ्यासाठी सरळ, दणकट कात्री असते. मी भर थिएटरात बोलले. “ताई, कात्री ती कात्री,” असं तो म्हणाला, आणि आमची थिएटरं वेगळी झाली. जेवणंखाणं, येणंजाणं चालू राहिलं, पण एका टेबलाशी आम्ही पुन्हा उभे राहिलो नाही.

कात्रीबद्दल मी आजही बरोबर आहे. मात्र त्याच्याइतका हलका हात मी दुसरा पाहिला नाही, आणि टेबलापलीकडे तो नसल्याचं मला कायम वाईट वाटत आलं. उद्या माझ्या पोटात तोच हात हवा. रक्ताच्या माणसावर सुरी चालवू नये, हा आम्हा सर्जनांमधला रिवाज तो पुढे करतो. “तुझ्यावर माझा हात चालणार नाही, ताई,” एवढंच म्हणाला. दुसरा सर्जन सांगून ठेवला आहे. चांगला आहे, पण मला नको आहे. धाकटा फक्त सही करायला येतो म्हणाला.

म्हणून ती वाकडी कात्री, धार लावून, मी त्याला हयातीतच, सही करण्याआधी, हातात देणार आहे. पुढचं त्याने ठरवावं. नाही म्हणाला तरी कात्री परत मागणार नाही.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल. दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारच्या चहानंतर.

सही: ताई

साक्षीदार पहिला: भूलतज्ज्ञ. झोपवणार मी, उठवणारही मीच. सही.

साक्षीदार दुसरा: धाकटा. कात्री मिळाली. दुसऱ्या सर्जनला नको म्हणून कळवलं आहे. दोऱ्याची कात्री वेगळी मांडायला सिस्टरला सांगितलं आहे. सही.