लाल तळ्याच्या चित्रातली आई

कोताना,
६ ऑक्टोबर २००९

प्रिय वेन्सेस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. लामांना खरूज झाली होती, ती आता आटोक्यात आहे. कीन्वाचं पीक यंदा बरं आलं. तुझी तब्येत उत्तमच असणार. पेपरात तुझा फोटो पाहिला. गळ्यात मफलर काय, नजर कुठेतरी लांब काय, जगाची सगळी काळजी तुलाच लागल्यासारखी! तो पेपर गुमेर्सिंदाबाईच्या भट्टीवर पावाखाली अंथरलेला होता. तुझ्या कपाळावर चरबीचा डाग पडलाय, त्याला माझा इलाज नाही.

कामाचं आधी सांगते, नाहीतर पत्र अर्धवट टाकशील. लाल तळ्याचा तो भिंतभर पॅनोरामा तू ज्या सुट्या फोटोंतून जोडलास, ते सुटे फोटो मला हवेत. जोडलेलं चित्र नको. ज्यांत आई आहे, ते सुटे. मृतांच्या सणाआधी हवेत. आई गेल्यावरचा हा पहिलाच सण, तिच्या नैवेद्याचं पहिलं टेबल मांडायचंय आणि त्यावर ठेवायला तिचा फोटो नाही.

ओळखपत्रावरचा म्हणशील. तो फोटो आहे की चहाचा ओघळ, हे पोलिसालाही सांगता येणार नाही. बाकी कुणी कॅमेरा काढला की आई हॅट तोंडावर ओढायची, तुला माहीतच आहे. ‘माझं थोबाड काय बघायचंय, लामांचं काढा,’ म्हणायची. फक्त तुझ्यासमोर तिने हॅट मागे सारली. लेकाने कॅमेरा लावला होता ना!

परवा भट्टीवर टेबलासाठी बाहुल्यांच्या आकाराचे पाव सांगायला गेले. गुमेर्सिंदा सगळ्यांसमोर म्हणाली, “काय गं निकानोरा, तुझा भाऊ म्हणे अख्ख्या डोंगररांगांचे फोटो काढतो, आणि आईचा एक नाही?”

मी काही बोलायच्या आत तिचा नवरा म्हणाला, “डोंगर हलत नाहीत ना. म्हणून जमत असेल.”

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. काय करू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरात.

त्या पेपरात तुझी मुलाखतही होती. चरबी पुसून वाचली. “मी फोकस हाताने करतो. यंत्राला आत्मा नसतो.” अरे वा! हाताने म्हणे. तळ्याचे फोटो काढलेस त्या सकाळी एकदा ती लेन्सची कडी फिरवलीस, आणि मग ती हलू नये म्हणून चिकटपट्टी मागत सुटलास. आईने आपल्या भेगाळलेल्या टाचेची पट्टी सोलून दिली. ती लावल्यावर दिवसभरात तू त्या कडीला बोट लावलं नाहीस. तिला हात लावला की जोडताना चित्र फसतं, हे तूच सांगितलं होतंस. आत्मा त्या पट्टीत असेल तर असेल. टाचेच्या वासासकट.

पुढे म्हणतोस, “मानवी स्पर्श न झालेल्या भूमीत मी एकटा उभा होतो.” वेन्सेस, तू आपल्या गोठ्याच्या कुंपणाला पाठ लावून उभा होतास! कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा एक पाय लेंड्यांत रुतला होता. वाऱ्याने तिकाटणं पडेल म्हणून आईने दगडांची थैली त्याला बांधली, तरी हलतंय म्हणून ती स्वतः धरून बसली. तुझी बोटं गारठली की मधूनच भाजलेले बटाटे हातात द्यायची, खायला नव्हे, धरायला. एकटा होतास म्हणे! खोटं बोलावं, पण रेटून किती बोलावं?

आणि मग ते झालं. लामा पाण्याकडे निघाल्या. तू डावीकडून उजवीकडे एकेक फोटो घेत होतास आणि आई लामांमागे डावीकडून उजवीकडेच चालू लागली. तू ओरडलास, “आई, जागची हलू नकोस!” तिथूनच ती म्हणाली, “मला सांगतोस ते ठीक रे, पण यांना कोण सांगणार?” आणि गेली आपली, तुझ्या कॅमेऱ्याच्या बरोबरीने.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तू कॉम्प्युटर उघडलास. तळं एक, डोंगर एक, आणि आई तीन. पाठमोरी एक, मधे एक, आणि एक वळून तुझ्याकडे बघणारी. लामांच्या पायांचा तर हिशोबच लागेना. आम्ही पोट धरधरून हसलो. तू म्हणालास, “तीन आया! मला एकच झेपत नाही.” सगळ्यात जास्त आईच हसली. मग तू एक पुसलीस. मग दुसरी पुसलीस. मला वाटलं, आता थांबशील.

चित्राला भाव यायचा तर माणूस नको होता, हे मला नंतर कळलं. मोठ्या लोकांना आपली जमीन रिकामी आवडते. भिंतीवर शोभते.

हे आईला कधी कळू नये असं मला वाटत होतं. पण फेब्रुवारीत तिला पोतोसीला डॉक्टरकडे न्यावं लागलं, आणि तिथल्या बस स्टँडवर तुझं चित्र लावलेलं. तिने बसच सोडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नाक लावून चालत गेली. परत या टोकाला आली, परत गेली. लोकांना वाटलं, म्हातारी वाट चुकली. मला म्हणाली, “गोठ्याचा हा कोपरा आहे ना? मग मी इथे पाहिजे होते.”

मग ती म्हणाली, “मधेच आले असेन गं त्याच्या. कामात कडमडले असेन.” आणि बाकावर जाऊन बसली. तुझी कीर्ती बघायला आलेली तुझी आई, वेन्सेस, तुझी माफी मागत बसली होती. त्या दिवशी तू समोर असतास, तर तिकाटणं तुझ्या डोक्यात घातलं असतं.

मातीला तू आला नाहीस. त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण आता विषय निघालाच आहे. रस्ता बंद होता म्हणालास. त्याच रस्त्याने त्याच सकाळी कांद्याचा ट्रक आला. ड्रायव्हर शवपेटीला खांदाही देऊन गेला. तुझ्याकडून फुलांचं चक्र आलं, त्यावर आईचं नाव ‘तोमासा’ऐवजी ‘तेरेसा’ छापलेलं. मी ते उलटं टेकवून ठेवलं.

जाताना तिने मला बजावलं, “वेन्सेसला रागावू नकोस.” म्हणून मी रागावत नाहीये. ही नुसती माहिती आहे.

तर ते सुटे फोटो शोध. ती वळून बघते आहे, तो असला तर बरं. नसला तर मधला चालेल, पाठमोराही चालेल. वेणी तरी दिसेल. मला कलाकारी नको. कागदावर साफसूफ करू नकोस, शालीचं ठिगळ ठेव, सुरकुत्या ठेव. गुमेर्सिंदाने आईसाठी शिडीच्या आकाराचा पाव करून ठेवलाय, उतरायला आणि परत चढायला. सणाच्या दुपारी बाराला ती वरून उतरेल, दुसऱ्या दिवशी बाराला परत जाईल. तिला रस्ता माहीत आहे, फोटो तिच्यासाठी नाहीच. टेबलाशी प्रार्थनेला येणाऱ्यांनी कुणाकडे बघून प्रार्थना करायची, हा प्रश्न आहे.

आणि ते फोटो तू पुसून टाकले असशील, तर तसं लिहून पाठवू नकोस. सबबी मला वाचवत नाहीत.

मग तू ये. मफलर काढून, दाढी उतरवून ये. देवाने कुणाच्या धडावर काय बसवावं याला काही ताळतंत्र नाही, पण आईचं नाक, आईचं कपाळ, आईची हनुवटी तुझ्यावर उतरली आहे. माझ्यावर नाही. मी बापावर गेले. टेबलाच्या मागे उभा राहा, बारापासून दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत. तोंडातून अक्षर काढू नकोस. त्या स्पर्श न झालेल्या भूमीबद्दल तर मुळीच नाही. लोक येतील, तुझ्याकडे बघून हात जोडतील, पाव घेऊन जातील.

सगळे गेले की मलाही थोडा वेळ बघायचंय.

तू येशील असं मी धरून चाललेले नाही, तरी टेबलाच्या मागची जागा रिकामी ठेवणारी,
तुझी ताई,
निकानोरा