गॅदरिंगमध्ये आमच्या जॅझचा निकाल लागला

ठाकूरद्वार,
जानेवारी १९६६

तीर्थस्वरूप रघुमामांना सौमित्रचा साष्टांग नमस्कार. शिलाई मशीन चालवताना तुमचा गुडघा अजून कुरकुरतो का? माहीमची हवा मामीला मानवली असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

आमच्या कॉलेजचा जॅझ बँड तुम्हाला ठाऊकच आहे: मी ट्रम्पेटवर, इरावती पियानोवर, जगन ड्रमवर. दिवाळीपासून आम्ही गॅदरिंगसाठी घाम गाळत होतो. (शेजारच्या रमाबाईंनी माझा रियाज ऐकून दोनदा आल्याचा काढा पाठवला. असो.) त्या दिवशी मी असा काही सोलो लावला की माझेच डोळे मिटले. उघडतो तर पुढच्या रांगेतला एक गाढव ओरडला, "सूर लावून झाले असतील तर सुरू करा रे!" सगळं सभागृह हसलं. आमचे प्राचार्यही हसले, ज्यांना पेटी आणि टाइपरायटर यांतला फरक अजून कुणीतरी समजावून सांगायला हवा आहे.

आमच्यानंतर आले ते पॉपवाले. तीन पोरं, तीन गिटारी आणि कपाळावर इतके केस की माणूस पुढून येतोय की मागून, ते कळू नये. गाणं म्हणजे काय, तर 'ये ना, ये ना', तेही इंग्रजीत! पण पोरी किंचाळल्या, पोरं बाकांवर चढली, आणि आमचा जगन 'नुसती सोबत करतो' म्हणून त्यांच्या मागे बसला तो उठलाच नाही. वर हसत होता! आमच्याबरोबर वाजवताना तो वर्षभरात एकदा हसला असेल तर शपथ. मी त्यांच्या म्होरक्याला, प्रितेशला गाठलं. म्हटलं, "अरे, तुम्हाला गिटारवर तीनच कॉर्ड येतात!" तर म्हणतो, "हो ना, तिसरा कालच बसवला." लाज नाही हो! दुसऱ्या दिवशी तालमीला मी आणि इरावती दोघंच, आणि तीही दाराकडे बघत होती. बँड मोडला, मामा. ट्रम्पेट पुसून पलंगाखाली ढकलून दिला, हे फक्त तुम्हाला सांगतो.

आपला,
सौमित्र

ता. क. शुक्रवारपर्यंत एक काळी पँट शिवून द्याल का? पायाला चिकटणारी, घोट्याशी अगदी निमुळती. दादरला कार्यक्रम आहे. प्रितेशला ट्रम्पेट हवाय. मी म्हटलं, तुमची अभिरुची सुधारायला म्हणून येतो. तो म्हणाला, "ये, पण लांबण लावू नकोस."

आणखी ता. क. अख्ख्या गाण्यात माझ्या वाट्याला दोनच सूर आहेत. काल प्रितेशच्या तालमीत ते वाजवले आणि ऐकायला आलेली इरावती खुर्चीतून उठून नाचायला लागली. दोन सूर तसे पुष्कळ होतात, मामा.