कापसावरचं ऊन

४ डिसेंबर १९७४
आजही बोंबललं. वर्षभर मुंबईत ट्यूबलाइटखाली सिनेमाच्या पोस्टरांवर नट्यांचे गाल रंगवले. खोलीवर येऊन आईचं चित्र काढायला बसलो की रंगच लागेना. म्हणून रजा टाकून गावी आलो. इथं चारच्या सुमारास ऊन ओसरीतल्या कापसाच्या ढिगावर पडतं आणि तिथून उसळून खालून तिच्या तोंडावर येतं. जेमतेम अर्धा तास. त्यातच ही बाई उठली. "म्हशीला पाणी कोण दाखवील? तुझा बुरूश?"

५ डिसें.
हिरवं लुगडं नेस, असं बजावलं होतं. दिवाळीचं लाल नेसून हजर! "फोटोत जुनेरं नेसून बसू का?" फोटो न्हाई, चित्र. दहादा सांगितलं. लाल लुगड्यानं हनुवटीचा रंगच बदलला. सगळा दिवस वाया.

७ डिसें.
वडलांनी बैलगाडी काढली, कापूस परतूरला विकायला न्यायचा म्हणून. म्हटलं, नाना, चित्र होईस्तोवर ढीग राहू द्या. असे भडकले! "चित्रासाठी पिकवला का रे कापूस?" मधे आई. "राहू द्या की चार दिस." मी चाट. कापसानं अंग खाजतं, पाय ठेवायला जागा न्हाई, म्हणून रोज कुरकुरणारी हीच.

९ डिसें.
हद्द झाली. एक गाल तेवढा राहिलाय. आज आईनं शेजारच्या सुंदराकाकूला मुद्दाम हाक मारून बोलावलं अन् गप्पा मारत बसली. मान एका जागी न्हाई. ऊन गेलं. ओरडलोच, "तुला पूर्ण होऊ द्यायचंय का न्हाई?"
"झालं म्हंजे जाशील."
एवढंच म्हणाली अन् चूल पेटवायला गेली. राग तर आवरेना, आणि काढावा कोणावर, तेही...

११ डिसें.
नानांनी परत गाडी जुंपली. कापूस आज जाणार म्हंजे जाणारच. आई चारला आपणहून आली. हिरवं लुगडं. ढिगापाशी बसली ती हलली म्हणून न्हाई. म्हैस हंबरून राह्यली तरी. "कर पुरं. लोकाची नोकरी हाय."
ऊन लख्ख. गालावर हवं तिथं. ब्रश भिजवला. पुसला. परत भिजवला.
म्हटलं, "आज ऊन बराबर न्हाई."
तिनं वर बघितलं. उन्हानं डोळे उघडवेनात तिला.
"बिलकुल न्हाई," म्हणाली. मंग दाराकडं तोंड करून, "अहो, बैल सोडा. उजेडच न्हाई म्हणतोय पोरगा."
नाना काय बोलले ते लिहिण्यासारखं न्हाई.