त्या विसातले सात माहे

रुपा,

आपल्या दोघींची दारं एकाच अंगणात हायेत. तरी कागदावर लिहून राह्यली, कारण तोंडानं बोलाची हिंमत नाही. हा कागद बी माह्या पेटीतच राहीन.

सासूनं मरता मरता कावीळची जडी एकीलेच सांगतली, आन ती तुले. थोरली मी होती. तिचं हागणंमुतणं मी काढलं. तवापासून दर रविवारी तुह्या दारात रांग लागते, आन त्याइले पाणी मी देते.

मागल्या महिन्यात जडीची माहिती घ्याले कालेजातले सर आले. दोन महिन्यातले वीसही रोगी बरे झाले, असं तू त्याइले सांगतलं. ते म्हणे, "बऱ्याच जणांची कावीळ आपोआप उतरते. जडी न घेतलेले बी पाहा लागतीन." तू त्याइच्यासाठी चहा टाकला. मी पाण्याचा तांब्या आणला.

त्या विसातल्या सात जणाइनं जडी घेतलीच नाही, रुपा. तू लेकीच्या बाळंतपणाले पुण्याले गेली तवा मी त्याइले तुहीच जडी म्हणून परसातला चवळीचा पाला वाटून देल्ला. सातही बरे झाले. आन नारळ घेऊन आले ते तुह्या दारात!

एवढं माहीत असून, माह्या नातीचे डोळे पिवळे दिसले तवा वाशीमच्या दवाखान्यातून येऊन मी तुह्याच दारात थांबली. तू म्हटलं, "रविवारी आणा, बाई."

रविवारी मी नातीले घेऊन रांगेत उभी राह्यली. त्या दिवशी पाणी द्याले कोणी नोतं.

तुही थोरली जाऊ,
गोजरा