चारशे बारा जनुकं आणि दर्शनाचा हात

३ मार्च, सोमवार
भाताच्या रोपाला खारं पाणी घातलं की कोणती जनुकं जागी होतात, हा माझा पीएचडीचा विषय. बियाणं आमच्या कोपरच्या खाडीकाठच्या शेतातलं. आज खाऱ्या पाण्याच्या रोपातून आरएनए, म्हणजे जाग्या जनुकांची नक्कल, काढला. एकट्याने. लॅबमधली दर्शना मदत करू का म्हणाली. एवढा गोडवा कशासाठी? नको म्हटलं. आरएनए काढायचं माझं किटसुद्धा माझ्याच कपाटात ठेवलं, कुलूप लावून. तिने तिचं वापरावं.

६ मार्च, गुरुवार
साध्या पाण्याची रोपं आरएनए काढायला दर्शनाला देऊन टाकली. त्यात चोरण्यासारखं काही नाही. तिने तीन वेगवेगळी रोपं घेतली. मी एकाच रोपाच्या तीन ट्यूब केलेल्या. डोकं असलं की कष्ट वाचतात.

९ एप्रिल
रिझल्ट आला. चारशे बारा जनुकं बदललेली. घरी सांगितलं. बाबा म्हणाले, आपला भात खाऱ्या पाण्यात येतो हे आजोबांनाही ठाऊक होतं. असो. १६ मेला समिती. त्यांना पटलं तर मुदतवाढ, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

११ एप्रिल
स्टॅटिस्टिक्सच्या गुणाजी सरांनी विचारलं, रोपं किती, आणि कुठलं कुणी कधी केलं? यांना कुणी पढवलंय ते कळतंय. तीन ट्यूब म्हणजे तीन, असं मी म्हटलं.
"अरे नयन, एका टोपातला भात तीन ताटांत वाढला, म्हणून तीनदा शिजवला का?"
शिवाय खारं सगळं सोमवारी माझ्या हातचं, साधं सगळं गुरुवारी तिच्या. फरक पाण्याचा की हाताचा, हे कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही म्हणे. मॉडेल त्यांचं, मी काय बोलणार.

१५ एप्रिल, सकाळी ११.४०
सापडलं. दोष तिच्या हातात आहे आणि तो मी सिद्ध करणार. साध्या पाण्याची रोपं, प्रत्येकाचं अर्धं पान ती करेल, अर्धं मी. सरांना कल्पना आवडली. जरा जास्तच आवडली.

९ मे
एकाच रोपात तिच्या-माझ्या हातचा फरक तीनशे अठ्ठ्याण्णव जनुकांचा. म्हटलं होतं ना. दर्शनाने फक्त यादी पुढे सरकवली. बहुतेक सगळी माझ्याच चारशे बारांतली. साधं पाणी प्यालेलं रोपही माझ्या हातात खारं निघालं. मग तिने माझ्या किटवरची तारीख दाखवली. मुदत गेल्या ऑगस्टमध्येच संपलेली. फार लाज वाटली. संशय कुणावर घ्यावा तेच सुचेना.

१६ मे
दर्शनाने त्याच खेपेत खाऱ्या-साध्याची सहा-सहा वेगळी रोपं, रोज दोन्हींतली थोडी थोडी, करून ठेवली होती. खरी जनुकं निघाली अकरा. समितीने तीच पाहिली. मला मुदतवाढ मिळाली, एका अटीवर. आरएनए ती काढणार, मी रोपांना पाणी घालणार. सही केली.
बाहेर सर म्हणाले, मॉडेलमध्ये एक कॉलम वाढवलाय. पाणी कुणी घातलं, त्याचा.