राखीव तास

सोमवार, ३
आलो एकदाचे. खाली न्हाव्याचं दुकान, वर दोन खोल्यांत आम्ही मायलेकी. आईला दिसत नाही, म्हणून भिंतींना पोपडे आलेत हे तिला सांगितलंच नाही. पाच मिनिटांवर वस्तीने चालवलेलं रेडिओ केंद्र. दुपारी चार ते पाच मी. बंधन कसलंच नाही. सतारीला लागून ट्रम्पेट लावा, मग कुठल्याशा बेटावरच्या कोळणींचं गाणं. माझ्याआधी एक सुतार व्हायोलिनं वाजवतो, माझ्यानंतर एक नर्स कानठळ्या बसवणारं गिटार. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मला हे फारच आवडलं.

मंगळवार, ४
केंद्राचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे फ्यूजकाका म्हणतात, त्यांनी राखीव तास रेकॉर्ड करायला बसवलं. इथे प्रत्येकाचा एक असतो. माणूस आला नाही की तो लावतात. नियम एवढाच, की त्यात फक्त गाणी. बोलायचं नाही, आणि 'मी आहे' असं तर मुळीच म्हणायचं नाही. का, तर म्हणाले, सांगितलंय तेवढं करा. पण माझ्या तोंडाला कुलूप कोण घालणार? ते चहाला गेले आणि मी बोलून टाकलं, की मीच आहे, रोज चारला असणार, कुठेही जाणार नाही.

गुरुवार, १३
तापाने आडवी. राखीव तास लागला. आई रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती. आधी गंमत वाटली. मग रेडिओतली मी म्हणाले, आज ऊन फार आहे, आणि आई, तुझी प्रेशरची गोळी राहिली. हे मी कधीच बोलले नव्हते. पलंगावरून आईला विचारलं, ऐकलंस का हे? ती दचकली. म्हणाली, अगं, तू घरी कधी आलीस?

सोमवार, १७
ताप उतरला, घसा मात्र बसला तो बसलाच. केंद्रावर गेले. माझी खुर्ची रिकामी आणि माझा कार्यक्रम चालू. काकांनी राखीव तासाच्या यंत्राची वायरसुद्धा काढून ठेवली होती. लोकांचे फोन येत होते आणि रेकॉर्डमधली ती माझ्या आवाजात उत्तरं देत होती. काकांनी एकच विचारलं, तुम्ही त्यात बोललात का? मी मान खाली घातली. ते म्हणाले, मग ती राहणार आणि तुमचा आवाज जाणार. पुसता येत नाही का, विचारलं. ते म्हणाले, आजवर कुणाला जमलं नाही. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा.

बुधवार, १९
तोंडातून नुसती हवा येते. आईजवळ गेले तर म्हणाली, कोण आहे? हात धरला. झटकला. माझ्या लेकीचे हात असे गार नसतात म्हणाली. वीस वर्षं तिने माझा चेहरा पाहिलेला नाही. ती मला आवाजानेच ओळखते. फार रडले. तेही ऐकू गेलं नसणार.

शनिवार, २२
ती आता गाणी लावत नाही. पूर्ण तास आईशी बोलते. आई हसते. माझ्याशी बोलताना इतकी कधी हसली नाही—
रेडिओ आपटला. तुकडे झाले. बोलणं थांबलं नाही.

रविवार, २३
पावणेपाच. ती म्हणाली, आई, आज लवकर निघतेय, दार उघड.
आईने केस सारखे केले.

दाराला पाठ लावून बसलेय. लिहून सांगायचं तर आईला वाचता कुठे—

जिन्यात पावलं. न्हाव्याशी बोलतेय. तो हसला.

आई माझ्या खांद्यावरून हात फिरवत कडी शोधतेय. म्हणते, बाजूला व्हा हो, माझी लेक आलीय. मी तिची बोटं धरलीत, एका हाताने हे—

ती दारापाशी. विचारतेय, आई, आत कोण आहे गं?

आई म्हणतेय, कोण जाणे, कुणीतरी बाई आहे, तू आधी हिला घराबाहेर